आईचा पाहुणचार

आईला घरी जायचं होतं. रोज संध्याकाळी ती रहाटणीतल्या आमच्या फ्लॅटच्या दाराशी पिशवी घेऊन उभी राहायची. "मला घरी सोड गं." तिचं घर चाकणजवळच्या गावात होतं आणि ते केव्हाच कंपनीच्या जागेत गेलं. तिथे आता ट्रक उभे असतात. हे तिला किती वेळा सांगणार? दर वेळी तिला ते नव्याने कळायचं आणि ती नव्याने रडायची. मग मी सांगायचंच सोडलं.

एका रविवारी, वाटेतल्या ट्रॅफिकला शिव्या घालत, मी तिला एका दिवंगत राष्ट्रीय नेत्याचं बालपणीचं घर बघायला घेऊन गेले. जुनं घर बघितलं की निवेल, असा माझा भाबडा समज. मातीच्या भिंती, सारवलेली जमीन, चूल, जातं, कोनाड्यात कुंकवाचा करंडा, सगळं जिथल्या तिथे जपलेलं. मला आधी संतापच आला. या घरातला मुलगा दिल्लीला जाऊन मोठा झाला, म्हणून इथली चूलसुद्धा सांभाळली. माझ्या आईने ज्या चुलीपुढे जन्म काढला, तिच्यावरून बुलडोझर गेला.

आईने उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, आत गेली आणि पदर खोचला. चुलीभोवती लावलेली दोरी सरळ ओलांडली. मागून एक कुटुंब बघायला आत आलं, तशी म्हणाली, "या, बसा. उन्हाचं आलात, पानी घ्या."

त्यातल्या बाई हसल्या, पण बसल्या. पहारेकरी धावत आला. "मावशी, आत जायचं न्हाई," म्हणता म्हणता त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तो परत दारापाशी जाऊन उभा राहिला. भला माणूस.

कित्येक महिन्यांनी आई खूश दिसत होती. मीही दोरीपाशी उभी राहून हसत होते. तेवढ्यात तिचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"तुमी कुठल्या, बाई?"

मी म्हटलं, "रहाटणीच्या."

"आगं बया! माझी लेक तिथंच दिलीया. कामाची लई गडबड असती तिला. लई दिस झालं, आली न्हाई."

तिने कोनाड्यातला करंडा उघडला. तो रिकामा होता. बाबा गेल्यापासून तिने कुंकवाला हात लावला नव्हता. ते जाणंही ती विसरली होती. रिकाम्या करंड्यात बोट फिरवून तिने माझ्या कपाळाला टेकवलं. "पुन्हा या हां."

घर बंद करायची वेळ झाली, तरी आई हलेना. आपलं घर सोडून कोण जाईल? शेवटी मीच म्हणाले, "चला की आमच्याकडे मुक्कामाला." आल्या माणसाचं मन मोडणं तिला कधी जमलंच नाही. "एकच दिस हां," म्हणत ती गाडीत बसली.

तेव्हापासून ती माझ्याकडे पाहुणी म्हणून राहते. दुसरी भाकरी घेत नाही. सकाळी अंथरुणाची घडी घालून ठेवते. मला अहोजाहो करते, आणि ते ऐकताना रोज जीव तुटतो. संध्याकाळी पिशवी घेऊन अजूनही दाराशी उभी राहते, पण रडत नाही.

"येऊ का, बाई? लई केलंत माझं. माझी लेक आली आसंल घरी. कुलूप बघून माघारी जाईल ती."

"थांबेल ती," मी म्हणते, आणि तिच्या हातातली पिशवी घेते.