थोरले वर की धाकले वर

मी वेबसाइटी बनवते म्हटलं की माणूस आधी माझ्या पांढऱ्या केसांकडे बघतो, मग माझ्या मागं, आत कोणी बसलंय का ते बघतो. आत कोणी नसतं. मीच बनवते.

शिकले कुठं म्हणाल, तर हिंगोलीतल्या एका छापखान्यात. लग्नपत्रिका जुळवायचं काम होतं. साडीचे काठ बघून पत्रिकेच्या किनारी काढायचा मला नाद. बसस्टँडवर एखादीच्या पदराकडे मी अशी टक लावून बसायचे की ती बिचारी पदर आवरून लांब जाऊन उभी राहायची. किनार मात्र ध्यानात राहायची.

पुढं छापखान्यात नेट आलं. तेव्हा मला कळलं की कुठलंही पान उघडावं आणि त्याच्या मागचा कोड बघावा, कोणी काही म्हणत नाही. कशिदा उलटा करून टाके बघावेत, तसंच ते. दोन वर्षं डबा खाता खाता मी लोकांची पानं उलटी करून बघितली. शिकवायला कोणी नव्हतं, त्यामुळे नापास करायलाही कोणी नव्हतं.

मग पहिलं काम आलं. डोंगरकडा गावाकडचे दोघं भाऊ, हळदीचं बेणं विकणारे. त्यांच्या वाटण्या झाल्या होत्या, चुली वेगळ्या होत्या, पण बेण्याचा धंदा आणि विहीर सामाईक. काम हाती येताच मी छापखाना सोडला. मालक म्हणाले, "बाई, एक तारखेपर्यंत खुर्ची ठेवतो. मग दुसरी बाई बसवतो." रागानं नाही बोलले, लग्नसराई तोंडावर होती. घरी यजमान म्हणाले, "एक तारीख काही फार लांब न्हाई." ते तसे कमीच बोलतात.

म्हणजे एक तारखेपर्यंत दोघा भावांनी पान पास करायचं, नाहीतर मी पुन्हा 'आमचे येथे श्रीकृपेकरून' टाइप करायला बसायचं.

दोघं एकाच मोटारसायकलवर आले. एकमेकांशी बोलत नव्हते. जे सांगायचं ते मला सांगायचे, आणि दुसऱ्याला ऐकू जाईल असं सांगायचे.

"बाई, वर माझा फोटो. थोरला मी हाय."

"ताई, त्याला इचारा, मागच्या साली बेणं कोणी विकलं?"

पत्रिकेत मी असली भांडणं शंभरदा मिटवली होती. एकाचं नाव डावीकडे, दुसऱ्याचं उजवीकडे, अक्षर सारखं. इथंही तेच केलं. दोन फोटो शेजारी शेजारी, दोघांचे फोन नंबर खाली. दोघांनी स्क्रीनजवळ तोंड नेऊन बघितलं. थोरले म्हणाले, "जमलं." धाकल्यांनी मान हलवली. मी चहा केला.

दुसऱ्या दिवशी धाकल्यांचा फोन.

"ताई, म्या खाली काहून?"

"खाली कुठं भाऊ? शेजारी आहात की."

"मोबाईलवर बघा."

बघितलं. मोबाईलची स्क्रीन अरुंद. दोन फोटो शेजारी मावले नाहीत की एक खाली उतरतो. धाकले उतरले होते. हे मला आधी सुचायला पाहिजे होतं. पण कागद कधी अरुंद होत नाही, आणि माझी सगळी हयात कागदावर गेलेली.

फोटो बारीक करून बघितले, तर थोरले म्हणाले मी ओळखू येऊन नाही राहिलो. फोटोच काढून टाकते म्हटलं, तर नावांवर तेच सुरू झालं. शेवटी दोघांना पुन्हा बोलावलं आणि थोरल्यांना विचारलं, "दादा, विहिरीचं पाणी कसं घेता तुम्ही?"

"पाळीनं. एक दिस माझी मोटर, एक दिस त्याची."

"मग पानावर पण पाळी लावू का? एक दिवस तुम्ही वर, एक दिवस ते."

दोघांनी पहिल्यांदा एकमेकांकडे बघितलं. थोरले म्हणाले, "कंपूटर पाळी मोडणार न्हाई ना?"

"त्याला शेत न्हाई, दादा."

मी तारखेवर लावलं. विषम तारखेला थोरले वर, सम तारखेला धाकले. चार दिवस कोणाचा फोन नाही. मला वाटलं, सुटले. पाचव्या दिवशी धाकले स्वतःच आले, एकटे, आणि चप्पल काढायच्या आधी बोलले.

"ताई, हा महिना कितीचा?"

"एकतीसचा."

"एकतीसला कोण?"

"थोरले."

"अन् एकला?"

मी बोटांवर मोजून बघितलं. एकतीसही विषम, एकही विषम. थोरल्यांना लागोपाठ दोन दिवस.

"आमच्या विहिरीवर बी हेच झालं व्हतं," धाकले म्हणाले. "तारखेवर पाळी लावली अन् दर एकतीसला तकलीफ. दोन साल भांडलो. मंग तारीख सोडली. काल कोण व्हतं तेवढंच बघतो आता."

आता कंप्यूटरला काल कोण होतं ते ठाऊक नसतं. त्याला दरवेळी नव्यानं विचारावं लागतं. दीड दिवस घालवून मी एक दिवस पक्का धरला आणि तिथून आजवर किती दिवस झाले ते त्याला मोजायला लावलं. सम आले की थोरले, विषम आले की धाकले. महिना कितीचाही असो.

एकतीसला थोरले वर होते. एक तारखेला सकाळी उठून मी आधी माझ्या मोबाईलवर बघितलं, मग यजमानांच्या. दोन्हीकडे धाकले वर. यजमान म्हणाले, "आता कशाची वाट बघून राहिली?" म्हटलं, थोरल्यांची.

अकराला फोन वाजला, पण तो छापखान्याच्या मालकांचा होता. "काय ठरलं, बाई?" मी म्हटलं, जरा दम धरा, दुपारपर्यंत सांगते.

बारा वाजून गेल्यावर थोरल्यांचा फोन आला.

"बाई, आज त्यो वर हाय."

"व्हय दादा. आज पाळी त्यांची."

पलीकडे मोटर चालू असल्याचा आवाज येत होता. कोणाची होती कोण जाणे, मी विचारलं नाही.

"बराबर हाय," ते म्हणाले. "उद्या बघतो."

मी फोन ठेवला, छापखान्याच्या मालकांना लावला आणि म्हटलं, बसवा दुसरी बाई.