प्रॉप्स वरून खाली येतात

सबनीसांनी पडद्यावर एक ओळखपत्र काढलं. चौकोन, त्यात आडनावाची जागा, पुढे जपानी आदराचं 'सान'. समोर पुण्याहून नुकतीच टोकियोला आलेली पोरं. फ्रंटएंडचं, म्हणजे वेबसाइटच्या दिसणाऱ्या भागाचं, ट्रेनिंग चाललं होतं. शिकवणारे आम्ही दोघं. सबनीस टीमचे लीड, मी कंत्राटावरची डेव्हलपर. मागच्या खुर्चीत क्लायंटचे मॅनेजर मोरिता-सान, मराठीचं अक्षरही न कळणारे.

"हा झाला कॉम्पोनंट," सबनीस म्हणाले. "साचा एकदाच लिहायचा, पाहिजे तिथे वापरायचा. आत काय दिसेल ते वरून येतं. त्याला म्हणायचं प्रॉप्स."

त्यांनी वरून स्वतःचं आडनाव पाठवलं. कार्ड आलं. एका पोराचं पाठवलं. तेही आलं. मग माझं. भिंतभर अक्षरात.

"ज्याला जे आलं ते आलं. खालच्याने त्यात हात घालायचा नाही." माझ्याकडे बघून हसले. "आणि स्टेट म्हणजे आपलं स्वतःचं, आतलं. अर्थात काही लोकांना स्टेट लागतच नाही. सरकार प्रॉप्स पाठवत राहतं."

पोरं हसली. आडनाव वाचायला त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

मोरिता-साननी हसऱ्या चेहऱ्याने विचारलं, काय गंमत झाली? सबनीस जपानीत म्हणाले, "विशेष काही नाही. आमच्यातली घरगुती गंमत."

घरगुती. मीसुद्धा थोडं हसले होते. सवयीने.

पुण्यात मी नुसत्या नावावर जगले. कॉलेजात, पहिल्या नोकरीत. कुणी पूर्ण नाव विचारलं की विषय बदलायचा. हे आमच्यात सगळ्यांना येतं. जपानला आले आणि ते संपलं. इथे नाव कुणी घेतच नाही. गळ्यातल्या ओळखपत्राच्या पट्ट्यावर आडनाव, दारावर आडनाव, दवाखान्यात आडनाव. ऑफिसच्या रिसेप्शनवरची बाई रोज सकाळी वाकून माझं आडनाव घेते आणि पुढे सान लावते. माझ्या बापाला या आडनावाने आयुष्यात कुणी वाकून हाक मारली नाही. पहिल्या आठवड्यात मला रडू आलं. आनंदाने. वेडीच मी.

तेच आडनाव सबनीसांच्याही कानावर पडलं. ते टोकियोतल्या ओजिमाला आमच्याच इमारतीत राहतात. मी नवीन आले तेव्हा त्यांच्या बायकोने, वहिनींनी, स्टीलच्या डब्यातून पुरणपोळ्या पाठवल्या होत्या. मग आमच्या दारावर आडनावाची पाटी लागली. पुढच्या खेपेला डबा आला तो स्वस्त दुकानातल्या प्लास्टिकचा. वहिनी म्हणाल्या, "परत द्यायची तसदी घेऊ नका हं. टाकून द्या."

इथे टाकून देणंही सोपं नाही. प्लास्टिक धुवायचं, वाळवायचं, ठरल्या वारी बाहेर ठेवायचं. माझा विटाळ नको म्हणून दिलेले डबे मी घासून घासून स्वच्छ करत राहिले. वर मेसेज करायचा, वहिनी, पोळ्या छान झाल्या होत्या. मराठी माणसं असलेल्या मीटिंगला गळ्यातला पट्टा उलटा फिरवून बसायची.

त्या दिवशी स्टेट शिकवायची पाळी माझी होती. बटण दाबलं की आकडा वाढतो, असं उदाहरण तयार ठेवलं होतं. ते उघडलंच नाही. पडद्यावर माझं आडनाव तसंच होतं. मी मोरिता-सानकडे वळले. माझी जपानी मोडकी, क्रियापदं घसरतात. तरी बोलले.

"ती गंमत घरगुती नव्हती. आमच्याकडे आडनावावरून जात कळते. माझ्या लोकांना गावाबाहेर ठेवत. शिवत नसत. सबनीस-सान म्हणाले, माझ्याजवळ माझं स्वतःचं काही नाही, सगळं सरकारने दिलेलं. त्याला हे हसले."

सबनीस हळू आवाजात मराठीत म्हणाले, "अहो ताई, इथे कशाला हे? परदेशात आपण सगळे एकच."

"एकच आहोत ना? मग डबा स्टीलचा पाठवा."

मोरिता-सान टेबलाकडे बघत म्हणाले, "मुझुकाशी देसु ने." अवघड आहे, एवढाच त्याचा अर्थ. मग त्यांनी जेवणाची सुट्टी जाहीर केली.

ट्रेनिंग माझ्याकडून काढून घेतलं. टीमचं वातावरण बिघडतं, म्हणे. मार्चमध्ये कंत्राट संपतंय आणि पुढचं कुणी बोलत नाही. नवी नोकरी मिळाली नाही तर व्हिसा जाईल, व्हिसा गेला की मुलीची शाळा. इथलं मराठी जग मुठीएवढं. मी मुलाखतीला पोचायच्या आधी माझी गोष्ट तिथे पोचलेली असते. नवरा म्हणतो, "गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?"

मुलगी शेजारच्या एदोगावा भागातल्या शाळेत जाते. परवा तिला वर्गातल्या मराठी मुलीने विचारलं, तुमच्या घरी देव कुठला? "शिरानाइ," ती म्हणाली. माहीत नाही. घरी येऊन मला विचारलं, तिला का हवं होतं ते? मी भाकरी भाजत होते. तव्यावरची करपली.

सबनीसांनी त्या दिवशी एक गोष्ट सांगायची सोडली. प्रॉप्स वरून खाली येतात. खालच्या कॉम्पोनंटला वर फक्त हाक मारता येते. बदल करायचा की नाही हे वरचा ठरवतो. मी हाक मारली. वर काही बदललं नाही.

बदलेल अशी आशाही मला नाही. सबनीस आहेत तसेच राहतील आणि ती पोरं पुढे सबनीस होतील. पण मार्चपर्यंत मला त्यांच्या शेजारीच बसायचंय, आणि पट्टा आता सरळ असतो, आडनाव बाहेर. यापुढे माझ्यासमोर कुणी गंमत केली तर मी हसणार नाही. खोलीत जो कुणी परका असेल त्याच्याकडे वळेन आणि त्या गंमतीचा अर्थ सांगेन. मोडक्या जपानीत. शब्दन् शब्द. दर वेळी.