हलकी झालेली जीप

“लागत नाही ते उतरवा!”

दवाखान्याच्या जीपचा ड्रायव्हर हे बोलला नाही, असा दिवस आम्ही पाहिला नाही. कुणी जिन्नस कोंबकोंबून पोतं आणलं की हेच, कुणी घर बदलायला निघाल्यासारखं सामान घेऊन चढू लागलं की हेच. म्हणून सगळ्यांनी त्याला उतरवामामा केलं आणि त्याची बायको आपोआप मामी झाली.

जीप जुनी होती. चारही चाकांना जोर देणारी. वरच्या वस्तीचा चढ तिच्याशिवाय कुणाला जमत नसे. आठवड्यातून एकदा ती नर्सबाईंना आणि औषधांना घेऊन वर जाई, आणि डाव्या सीटवर मामी बसलेली असे. वर तिची म्हातारी आई एकटी राहत होती. म्हातारीची नजर गेली होती, पण कान शाबूत होते. शेवटच्या वळणावर जीपचं मागचं चाक असं किंचाळायचं, की ती काठी टेकत अंगणाच्या भिंतीशी येऊन उभी राही. “आली माझी पोर,” म्हणे. गाडी दिसायच्या आधी तिच्या चेहऱ्यावर लेक दिसे.

जीपचं एकच वाईट होतं. ती डिझेल ढोसायची. भांडारवाले साहेब, ज्यांच्या सहीशिवाय थेंबभर मिळत नसे, एकदा कावले.

“मामा, ही गाडी आहे की गळकं पिंप? पुढच्या खेपेला मी स्वतः येतो. टाकी काठोकाठ भरून निघायचं, परतल्यावर पुन्हा काठोकाठ भरायची. आत्ताइतकंच लागलं तर वरची खेप बंद. मलाही वरच्या साहेबांना तोंड द्यावं लागतं.”

मामानं घरी येऊन सांगितलं. मामी धुणं पिळत होती. तिचे हात थांबले.

“खेप बंद झाली तर मी आईकडे जाऊ कशी? माझे गुडघे त्या चढाचे राहिलेत का?”

“बंद होऊ दिली तर नाव बदलीन.”

“तुमचं नाव लोकांनी आधीच बदललंय,” मामी म्हणाली आणि दोघं हसली. ते हसणं शेजारच्या घरापर्यंत ऐकू आलं होतं. पुढं त्या घरातून तसं हसू आलं नाही, म्हणून लक्षात राहिलं.

त्यानंतर मामा जीपखाली राहायलाच गेला म्हणा. हवेची जाळी काढली तर ती मातीनं लिंपलेली. इंजिनाला श्वासच नव्हता. ती बदलली. डिझेल फवारणारे नोझल साफ केले. टायरांत हवा नीट भरली. पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध एक कडी असते. ती फिरवली, की सपाट रस्त्यावर पुढची चाकं इंजिनापासून मोकळी होतात आणि फुकटचा भार जातो. आधीच्या ड्रायव्हरनं ती कधी फिरवलीच नव्हती, गंजून बसली होती. मामानं तेल पाजून, गोंजारून, शेवटी शिव्या देऊन ती सोडवली. मागच्या चाकाचा ब्रेक घासत होता, तोही मोकळा केला. मग टपावरचं लोखंडी कॅरिअर उतरवलं, मागचा एक बाक उतरवला, अवजारांची जड पेटी उतरवली. उतरवता उतरवता माणसाला चव लागते. त्याला सगळ्यात वजनच दिसू लागलं.

खेपेच्या सकाळी मामी नेहमीसारखी तयार होऊन दारात उभी. आई तापानं निजून आहे, असा निरोप वरून आला होता.

“आजच्या दिवस राहू दे,” मामा म्हणाला. “साहेब मोजायला बसतोय. पुढच्या खेपेला नेतो. ही खेप वाचली तर जन्मभर जाशील.”

मामीनं हातातली पिशवी उंबऱ्यात ठेवली. साहेब आले आणि डाव्या सीटवर बसले. चांगले भरलेले गृहस्थ, सीट करकरली.

पाठीवर झोपलेलं मूल न्यावं, तशी मामानं गाडी नेली. उगाच रेस नाही, उगाच ब्रेक नाही. सपाटीला पुढची चाकं मोकळी, चढाच्या तोंडाशी उतरून कडी फिरवून ती पुन्हा जोडली, माथ्यावर पुन्हा मोकळी. शेवटच्या वळणावर चाक किंचाळलं नाही. भिंतीशी कुणी आलं नाही.

नर्सबाई म्हातारीला पाहून परत आल्या. “मामा, म्हातारी विचारतेय, ‘बाई, आज चालत आलात का? गाडी ऐकूच आली नाही.’ पोर कुठाय म्हणतेय. जरा आत जाऊन या ना.”

साहेब घड्याळ बघत होते. मामा म्हणाला, “सांगा, पुढच्या खेपेला लेकीलाच घेऊन येतो.”

खाली आल्यावर टाकी भरली. डिझेल इतकं कमी लागलं की साहेबांनी मामाच्या पाठीवर थाप मारली. खेप वाचली.

पुढच्या खेपेपर्यंत म्हातारी थांबली नाही.

मामीनं भांडण केलं नाही. एकदाच म्हणाली, “साहेबांचं वजन चाललं. माझंच तेवढं जड झालं.” मामाला सगळं माहीत होतं. एका बाईच्या वजनानं टाकीत असा कितीसा फरक पडतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक! पण त्या दिवशी त्यानं ते मनात येऊ दिलं नव्हतं.

त्यानंतरही दर आठवड्याला जीप त्यांच्या दाराशी थांबायची, हॉर्न वाजायचा. आतून भांड्यांचा आवाज यायचा. मग जीप पुढं जायची, डावी सीट रिकामी ठेवून. लोकांना तो ‘उतरवा’ म्हणेनासा झाला. कुणी काहीही लादलं तरी मुकाट नेई. गाडी मात्र कमीच पीत राहिली. काम हाताचं होतं, हात चुकत नव्हते.

नोकरीच्या शेवटच्या खेपेलाही जीप दाराशी थांबली. मागे नर्सबाई आणि नवा ड्रायव्हर होते. मामानं हॉर्न वाजवला नाही. उतरून दाराशी गेला.

“चल. आईचं घर तरी बघून येऊ.”

“तिथं आता कोण आहे, भिंतीशी यायला?” मामी म्हणाली.

मामा परत आला. किल्ली नव्या ड्रायव्हरच्या हातात ठेवली. “चढाच्या तोंडाशी कडी फिरव. विसरू नकोस.”

“आणि तुम्ही, मामा?”

“तुम्ही व्हा पुढं.”

जीप धूळ न उडवता, आवाज न करता गेली. तिच्यामागून मामा त्याच रस्त्याला लागला, पायी, वरच्या वस्तीच्या दिशेनं. मामी उंबऱ्यात आली होती. हातातलं ओलं धुणं तिनं तसंच धरलं होतं, आणि त्यातलं पाणी तिच्या पायावर ठिबकत होतं. तिनं हाक मारली नाही. पण तो वळणाआड जाईपर्यंत ती आतही गेली नाही.