इव्हर टॉफ्टच्या रिव्हॉल्व्हरचं तिसरं घर

इव्हर टॉफ्टचा राग मोंटानातल्या त्या अख्ख्या खोऱ्याला ठाऊक होता. एकदा कुंपणाची तार हाताला लागली म्हणून तो इतका चिडला, की तार राहिली बाजूला, खांबच उपटून घरी घेऊन आला. त्याची बायको ग्लेडिस म्हणायची, "याचा राग चुलीत घालता आला असता, तर हिवाळ्यात लाकडं फोडावी लागली नसती."

पण हाच माणूस शिसं ओतायला बसला की गाईसारखा शांत. टायरचा तोल साधायला लावतात ती शिशाची वजनं गॅरेजातून बादलीभर आणायची, बिडाच्या भांड्यात वितळवायची, वरची मळी काढायची, चिमूटभर कथील घालायचं आणि पळीने साच्यात ओतून गोळ्या पाडायच्या. मग त्यांना मेण आणि चरबीचं वंगण. त्या वासाने ग्लेडिसने त्याला स्वयंपाकघरातून कधीच हाकललं होतं. त्याचा कारखाना शेडमध्ये.

गावातल्या नेमबाजी क्लबात सगळी रिव्हॉल्व्हरं जुन्या धाटणीची. प्रत्येक बार काढताना अंगठ्याने घोडा मागे ओढायचा, मगच चाप दाबायचा. आणि बावीस वर्षं सगळा क्लब इव्हरने ओतलेल्याच गोळ्या उडवत आला होता. सत्तरीला टेकलेल्या माणसाकडे दुसरी इस्टेट ती काय? हेच त्याचं नाव.

सप्टेंबरातला सोमवार. कॅफेत इव्हर सफरचंदाच्या पायवर चमचा घालणार, तेवढ्यात ड्वेन प्रुइटने बशीशेजारी नेमाचा कागद आपटला. ड्वेनचं हार्डवेअरचं दुकान. वसंतात त्याने इव्हरचं जुनं रिव्हॉल्व्हर मागे लागून विकत घेतलं होतं. कागदावर चार भोकं एकमेकांना चिकटून, आणि पाचवं वीतभर लांब.

"बघ तुझ्या गोळ्या, इव्हर. पाचातली एक अशी उंडारते."

"उंडारते तुझी नजर."

"वाळूच्या पोत्यावर हात टेकून मारल्यात. शनिवारी क्लबात ठराव मांडतोय मी. ओतीव शिसं बंद. तांब्याचं वेष्टण असलेली गोळीच चालेल."

"जी तुझ्या दुकानात मिळते."

"मिळते तर मिळते. तुझं शिसं मासे धरायच्या गळाला बांध, तिथे बरं दिसेल."

कॅफे हसला. इव्हरने पायची बशी तशीच टाकली, ड्वेनच्या कमरेचं ते जुनं रिव्हॉल्व्हर ओढून घेतलं आणि दार असं आदळलं की वरची घंटा निखळून काउंटरवर पडली.

आता त्याला खरी आग कशाची झाली होती, ते सांगायला हवं. बावीस वर्षांपूर्वी क्लबासाठी गोळ्या ओतायचा तो एमेट, ग्लेडिसचा सख्खा भाऊ. तेव्हा हेच रिव्हॉल्व्हर इव्हरच्या हातात होतं आणि अशीच एक गोळी भटकायची. याच कॅफेत, याच काउंटरपुढे इव्हर सगळ्यांदेखत म्हणाला होता, "एमेटच्या शिशात हवा, तशीच डोक्यात." त्याच दिवशी रागाने त्याने रिव्हॉल्व्हर दगडावर फेकलं, मुठीचं लाकूड फुटलं, आणि रिव्हॉल्व्हर ड्रॉवरमध्ये गेलं ते ड्वेनने नेईपर्यंत तिथेच. इव्हरने नवं रिव्हॉल्व्हर घेतलं, नवा साचा घेतला, आणि गोळ्या सरळ जायला लागल्या. झालं. एमेट वाईट, इव्हर चांगला. एमेटने पळी खुंटीला टांगली. मेव्हणे-मेव्हणे त्यानंतर बोलले नाहीत. नाताळला ग्लेडिस दोन घरी दोनदा जेवायची.

घरी येऊन इव्हरने शंभर गोळ्या तराजूत घातल्या. हवेचा बुडबुडा असता तर वजन कमी भरलं असतं. एकही हलकी निघाली नाही. तो आणखीच चिडला.

दुसऱ्या दिवशी तो ते रिव्हॉल्व्हर घेऊन घळीत गेला. ग्लेडिस ट्रकमध्ये विणत बसली, हा स्वतःच्याच पायात गोळी मारेल म्हणून. इव्हरने रिव्हॉल्व्हरचं गोळ्यांचं फिरतं चक्र भरलं, त्यांच्यात सगळेच भरतात तसं: एक घर भरायचं, एक सोडायचं, पुढची चार भरायची. सहा घरांत पाच गोळ्या, आणि घोडा रिकाम्या घरावर टेकवायचा, म्हणजे धक्क्याने बार उडत नाही. गडी चालायला शिकतो तेव्हापासून हे शिकतो. पाच बार झाले. पाचही भोकं एका कपाच्या तोंडात मावली.

"बघितलंस?" इव्हर ओरडला. "तो प्रुइट आंधळा आहे."

पुन्हा भरलं. चार जागेवर, एक वीतभर लांब. तिसऱ्यांदा, तेच. चौथ्यांदा, तेच. इव्हर प्रुइटला सोडून शिशाला शिव्या द्यायला लागला, मग स्वतःच्या हाताला.

ग्लेडिसने काच खाली केली. "पहिल्या वेळी रिकामं कुठलं घर होतं?"

"कुठलं म्हणजे? पुढ्यात आलं ते. त्याला काय मुहूर्त बघायचा?"

"माझ्या मफिनच्या साच्यात बारा खळगे आहेत. डाव्या कोपऱ्यातला नेहमी चिकटतो. चाळीस वर्षं मी त्यात काही घालतच नाही. पिठाला नावं नाही ठेवली कधी."

इव्हर काहीतरी तोडून बोलणार होता. पण त्याची नजर हातातल्या चक्रावर गेली. ग्लेडिसने पर्समधून नखं रंगवायची बाटली काढली आणि चक्राच्या घरांवर लाल ठिपके दिले, एकापासून सहापर्यंत. मग एकेका घरातून पाच-पाच बार. तिसऱ्या घराने कागदभर दाणे फेकल्यासारख्या गोळ्या विखुरल्या. बाकी पाच घरं सरळ.

इव्हरने चक्र काढलं आणि काडतुसाशिवाय नुसती गोळी बोटाने घराच्या तोंडातून ढकलून पाहिली. पाच घरांतून ती बोटाच्या जोराने पार झाली. तिसऱ्यात अडकली. रिव्हॉल्व्हरच्या कारखान्यातूनच ते तोंड अरुंद आलेलं. तिथून गोळी पिचून बारीक होऊन निघायची आणि पुढे नळीत सैल, मग ती कशाला सरळ जाते? ते घर योगायोगाने रिकामं राहिलं की पाचही जागेवर. तो पाच भरायचा नेमच खोट लपवत आला होता.

"शनिवारी हे चक्र त्या प्रुइटच्या टेबलावर आपटतो," इव्हर म्हणाला. "गोळ्या माझ्या निर्दोष."

"हो," ग्लेडिसने सुया गुंडाळल्या. "एमेटच्या पण."

इव्हरने ट्रकच्या टायरला अशी लाथ मारली, की तीन दिवस लंगडत होता.

नाव वाचवायचं तर चक्र दाखवायला हवं. आणि दाखवलं की बावीस वर्षांपूर्वीचा खोटा आरोप उघडा. गुरुवारी तो एमेटच्या अंगणात लंगडत गेला. एमेट करवतीला धार लावत होता. त्याने मान वर केली नाही. इव्हरने चक्र आणि गोळी पुढे धरली. "घाल."

एमेटने एकेका घरात गोळी ढकलली. तिसऱ्यात थांबला. पुन्हा ढकलली.

"बावीस वर्षं," तो म्हणाला.

"मला काय माहीत होतं?"

"बघितलं असतंस तर माहीत झालं असतं. कॅफेत सगळ्यांदेखत बोललास ना? आता क्लबात सगळ्यांदेखत बोल. नाहीतर चालता हो."

शनिवारी इव्हर टेबलापाशी उभा राहिला. चेहरा तापलेल्या तव्यासारखा. आधी त्याने ड्वेनच्या हातात चक्र दिलं आणि गोळी ढकलायला लावली. मग म्हणाला, "शिशात हवा नव्हती. एमेटच्या पण नव्हती. हवा कोणाच्या डोक्यात होती ते तुम्ही बघताय. आता कोणाला हसायचं असेल त्याने बाहेर येऊन हसावं."

कोणी हसलं नाही. ड्वेनने ठरावाचा कागद खिशात सरकवला. एमेट मागे भिंतीला टेकून उभा होता. तो पुढे आला, इव्हरच्या डब्यातली गोळी उचलून तिच्यावर अंगठ्याचं नख दाबून पाहिलं.

"कडक ओततोस. पाण्यात टाकून विझवतोस ना? हवेवर निवू द्यायच्या."

"बावीस वर्षांनी आलास तो हे सांगायला?" इव्हर खेकसला. "मग ये सोमवारी आणि दाखव."

"येतो," एमेट म्हणाला. "पळी माझी आणेन. तुझ्या वस्तूंवर भरवसा नाही."