चकचकीत दांडा

मुलामा चढवण्याच्या कारखान्यात त्याला सगळे चकचक्या म्हणत, आणि ते त्याला शोभतही होतं. मळकट लोखंड दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे. घरातल्या चमच्यापासून दाराच्या कडीपर्यंत त्याने काही सोडलं नव्हतं. "मी जरा एका जागी बसले, तर मलाही टाकीत बुडवाल," असं बायको म्हणे.

त्याचा थोरला भाऊ क्रेन चालवायचा. रोज उंच शिडी चढून केबिन गाठायची, असलं काम. अपघातात दादाचा पाय गुडघ्याखालून गेला, तेव्हा कामही गेलंच असं सगळ्यांनी धरलं होतं. पण कृत्रिम पाय बनवणाऱ्या एका पायवाल्याने पोलादी दांड्याचा असा काही पाय करून दिला, की वर्षभरात दादा पुन्हा शिडी चढू लागला. दांडा दिसायला मात्र अगदीच दरिद्री. रंगाने करडा, अंगभर देवीचे वण असावेत तसे बारीक खड्डे, आणि त्यात घामाने धरलेला गंज.

"दादा, हा काय पाय म्हणायचा? आण इकडे, आरसा करून देतो."

"अरे, चालतोय ना? मग राहू दे की."

राहू देईल तो चकचक्या कसला! एका सुट्टीत त्याने दांडा सोडवून नेला, खड्डे घासून घासून सपाट केले आणि वर क्रोमचा मुलामा चढवला. दादाने त्यात स्वतःचे दात बघितले. "आता याला पँटीखाली झाकायचीच लाज वाटेल," म्हणाला, आणि दोघे भाऊ पोट धरून हसले. धाकट्याला आयुष्यात कुठल्या कामाचं इतकं समाधान मिळालं नव्हतं.

दोन वर्षांनी शिडीच्या मध्यावर तो दांडा तुटला. दादा खाली आला तो गेलाच.

तुटका दांडा घेऊन धाकटा कारखान्यातल्या तपासणीच्या बाईंकडे गेला. पायवाल्याने कच्चं पोलाद वापरलं, हे त्याला ऐकायचं होतं. बाईंनी तो भिंगाखाली धरला.

"पोलाद उत्तम आहे. याच्यावरचे खड्डे कुणी घासले?"

"मी. खराब दिसत होते."

बाईंनी भिंग बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "ते मुद्दाम पाडलेले होते हो. बारीक छर्रे मारून वरचा थर दाबून बसवतात, म्हणजे चीर उघडत नाही. तो थर तुम्ही काढलात. वर क्रोम. त्याला मुळातच बारीक तडे असतात, तुम्हाला माहीत आहे. पाऊल पडलं की तडा थोडा आत. असं करत करत..."

क्रोमचे तडे त्याला माहीत होते. त्यांच्यातून फार तर गंज शिरतो, एवढंच काय ते नुकसान, अशी त्याची समजूत होती. हौसेपायी त्याने सख्ख्या भावाचा जीव घेतला होता. हे वहिनीला सांगितल्याशिवाय तिच्या घरचं पाणीही आपल्या घशाखाली उतरायचं नाही, हे त्याला कळून चुकलं.

वहिनी दादाचे कपडे बांधून ठेवत होती. उंबऱ्यातच उभं राहून त्याने सगळं सांगितलं. पायवाल्याचा दोष नाही, दोष माझा.

"मला ठाऊक आहे, भावजी," वहिनी म्हणाली.

त्याने मान वर करून तिच्याकडे बघितलं.

"पायवाल्याने तुमचं काम बघितलं त्याच दिवशी सांगितलं होतं. दांडा बदला, हा दगा देईल. मी किती मागे लागले! हे म्हणायचे, धाकट्याने एवढ्या हौसेने केलंय, लगेच बदलला तर त्याचं मन मोडेल. जरा गंज चढू दे, मग बदलू."

तिने हातातला सदरा घडी करून खाली ठेवला.

"मी रोज बघायचे, भावजी. गंज चढलाच नाही."