ढवळीची तपासणी

मळमड्डीत आमच्या भिंतीला भिंत लावून अंबूताई राहायच्या. यजमान मुकुंदराव हायस्कुलात संस्कृत शिकवत. घरात सोवळं असं कडक की मांजरसुद्धा आत यायला बिचकायचं. अंबूताई पहाटे आंघोळ करून चुलीपुढे बसायच्या त्या दुपार उलटेपर्यंत तिथेच. अंगण, चूल, देवघर आणि मागचा गोठा, एवढाच त्यांचा मुलूख. गोठ्यात ढवळी नावाची गाय होती आणि तिच्याशी त्या कानडीतून बोलत, कारण ती हेब्बळ्ळीच्या बाजारातून आणलेली होती. मला याचं फार हसू यायचं.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीच्या वर्षी त्यांचा चेहरा भरला. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, अंबूताईंना तूप मानवलं. मानवतंय कसलं! सकाळी डोळे उघडायचे नाहीत आणि संध्याकाळी पायातली जोडवी बोटांत रुतायची. सवाष्णीने जोडवी काढायची नाहीत, म्हणून त्या तशाच वावरायच्या.

मुकुंदरावांनी डॉक्टर गुरुराजांना सांगितलं. बाईने दवाखान्याची पायरी चढायची नाही, दुखणं नवऱ्याने सांगायचं आणि औषध नवऱ्याने आणायचं, अशी त्या घरची रीत. डॉक्टरांनी एक बाटली दिली आणि सकाळची पहिली लघवी आणायला सांगितली.

पुढचं मला अंबूताईंनीच नंतर सांगितलं. बाटली घेऊन त्या न्हाणीघरात उभ्या राहिल्या. आपलं ते असं काही बाटलीत भरायचं, ती बाटली यजमानांच्या हातात द्यायची, आणि यजमान ती संध्या केलेल्या हातांनी बाजारातून नेणार. त्यांच्याच्याने ते होईना. रिकामी बाटली परत द्यावी तर आज्ञा मोडली असं व्हायचं. कोनाड्यात शुद्धीसाठी ठेवलेलं ढवळीचं गोमूत्र होतं. ते तर पवित्र. त्यांनी ते भरलं, बूच लावलं आणि बाटली उंबऱ्यावर ठेवली.

दवाखान्यातून निरोप आला की काही दोष नाही.

त्या निरोपाने अंबूताईंचं तोंडच बंद झालं. दम लागतो म्हटलं, तर मुकुंदराव म्हणायचे, "अगं, तपासून आणलंय ना?" जेवण जात नाही म्हटलं तरी तेच उत्तर. माणूस वाईट नव्हता. पण दवाखान्याच्या निकालावर त्याची इतकी श्रद्धा की समोरचं सुजलेलं तोंड त्याला दिसेना. मला त्यांचा फार राग यायचा, आजही येतो. आणि अंबूताईंना खरं सांगता येईना. सांगायचं म्हणजे नवऱ्याला फसवलं हे कबूल करायचं, आणि न सांगावं तर अंग दिवसेंदिवस जड होत चाललेलं. चुलीपुढून उठताना त्या भिंतीला धरायच्या. मी विचारलं की म्हणायच्या, "काही नाही गं, डॉक्टरांनी बघितलंय."

दिवाळीनंतर मुकुंदरावांना ताप आला म्हणून डॉक्टर घरी आले. अंबूताई गरम पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. मीही तिथेच होते. डॉक्टरांनी रोग्याची नाडी सोडली आणि म्हणाले, "अक्का, इकडे बसा." नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी तिथे खळगा तसाच राहिला.

"मुकुंदराव, यांची लघवी मी उकळून बघितली होती. त्यात प्रथिन नव्हतं. आम्ल घातल्यावर फसफसली मात्र फार. माणसाची तशी फसफसत नाही, ते मला तेव्हाही विचित्र वाटलं होतं." मग ते अंबूताईंकडे वळले. "आता रक्तच तपासू. हुबळीच्या मोठ्या दवाखान्यात चला. माझ्यासमोर तुमच्या दंडातून घ्यायचं."

अंबूताईंनी माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे.

"अक्का, खरे हेळ्री," डॉक्टर हळूच म्हणाले. "खरं सांगा. रागावणार नाही."

"ती ढवळीची होती," अंबूताई म्हणाल्या.

मुकुंदराव तापातून उठून बसले. "गाईचं? आणि मी ते स्वतःच्या हाताने नेऊन दिलं? चार लोकांत तोंड कसं दाखवू मी?" मला राहवेना. मी म्हटलं, "दादा, तोंड त्यांचं सुजलंय."

डॉक्टर हसले नाहीत. ते म्हणाले, "लघवीत आधी कळतं, रक्तात उशिरा. रक्तात युरिया वाढलेला दिसेपर्यंत मूत्रपिंडांचं निम्म्याहून अधिक काम गेलेलं असतं. तोंडावर सूज आली, लघवी कमी झाली, रक्तदाब चढला, तर दोन्ही तपासायचं, आणि एकदाच बघून थांबायचं नाही. पहिल्या बाटलीत तुमची असती तर मला सहा महिने आधी कळलं असतं."

हुबळीला आगगाडीने मी सोबत गेले. रक्त काढताना अंबूताईंनी हात जराही हलवला नाही. युरिया दुपटीहून जास्त निघाला. गेलेलं परत येत नाही, उरलेलं राखायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. मीठ बंद, डाळ बेताची, आणि दर महिन्याला बाटली.

पहिल्या महिन्याला मुकुंदरावांनी हात पुढे केला, पण नजर दुसरीकडे वळवून. अंबूताईंनी बाटली दिली नाही. पदर खोचला, चपला घातल्या आणि भर सकाळी एकट्या रस्त्यावर आल्या. मी मागे धावले. कोपऱ्यावर गल्लीतल्या वेणूबाईंनी विचारलं, "अंबूताई, हातात काय हो?"

"माझी लघवी," अंबूताई म्हणाल्या आणि चालत राहिल्या.

पुढे दर महिन्याला त्या तशाच गेल्या. बाटली धुऊन अंगणातल्या कट्ट्यावर उन्हात उपडी घालायच्या, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. पण उरलेलं थोडंच होतं. तीन वर्षांनी त्या गेल्या. जोडवी शेवटपर्यंत निघाली नाहीत, सोनाराला बोलावून कापावी लागली.

ढवळी त्यांच्यामागे पुष्कळ जगली. तिची तपासणी बरोबरच आली होती.