सोमवारी न चालणारी विलायती गाडी

आधी नाव सांगतो. बसाप्पाअण्णा. उद्यमनगरात लेथवर काम करणारा माणूस. ते नसते तर मी चोर ठरून माझ्या गावी, किनवटला परत गेलो असतो. आता काय घडलं ते. शिक्षण सातवीपर्यंत, चुका सांभाळून घ्या. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता… आजही नाही. पण मग हे काय होतं?

सत्त्याण्णव साल. शाहूपुरीत एका चांदीच्या व्यापाऱ्याकडे मी ड्रायव्हर होतो, दुकानामागच्या खोलीत राहायचो. मालकांकडे जुनी विलायती स्पोर्ट्स कार होती. दोनच सीट, आणि इतकी बुटकी की शेजारी म्हैस उभी राहिली तर आधी तिचं पोट दिसायचं. असल्या गाड्या लोक झाकून ठेवतात. मालक म्हणायचे, "गाडी काय देव हाय व्हय, झाकून ठेवायला? रोज पळाली पायजे."

चांदीच्या मालासाठी रोज हुपरी, आणि परत. पार्ट मिळायचे नाहीत. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट गेला — प्लगांना करंट वाटणाऱ्या डबीतला बोटाएवढा दांडा — तो अण्णांनी लेथवर नवा करून दिला. त्यानंतर काय गाडी चालली! मंगळवार ते रविवार, किल्ली फिरवायचा अवकाश.

सोमवारी मात्र नाही. मंगळवारी परत पहिल्या झटक्यात.

चौथ्या सोमवारी मालक भर दुकानात ओरडले, "सुट्टी पायजे व्हय रं तुला? कायतरी काढून ठेवतोस, चोरा!"

पुढच्या रविवारी त्यांनी बॉनेटला स्वतः कुलूप घातलं, किल्ली कमरेला लावली. सोमवारी सकाळी गाडी ढिम्म. तरी चोर मीच! आमच्या गावच्या दुकानात फोन करून सांगितलं, तुमचा माणूस चोर आहे, आता पोलिसात देतो. माझ्या बाजूनं बोलायला या गावात होतं कोण? पळत जाऊन अण्णांना घेऊन आलो. त्यांचा सोमवारचा उपवास, तरी आले.

मला म्हणाले, "पावणं, तुमी तिकडं कट्ट्यावर बसा. हात दिसू देत सगळ्यास्नी." मग मालकांना कुलूप काढून स्टार्टर मारायला लावला. इंजिन फिरतंय, शाफ्ट फिरतोय, पण ठिणगी नाही. पॉइंट बदलले, कॉइल बदलली, दुसऱ्या गाडीची बॅटरी लावली. नाही म्हणजे नाही.

अण्णांनी हात पुसले. "शेट, ह्यो शाफ्ट आमच्या वडलांच्या बैलगाडीच्या चाकांचा आख कापून केलाय मी. असलं लोखंड आता मिळत न्हाय. पन आमच्यात सोमवारी बैलाच्या मानंवर जू ठेवत न्हाईत. त्यो आख आमच्या मुरगूडात उभ्या जन्मात सोमवारी कामाला लागला न्हाय."

"लोखंडाला वार कळतो व्हय, बसाप्पा?"

"मला तरी कुठं कळतंय? पन ह्यो गडी चोर न्हाय, एवढं कळतंय. चूक माझी हाय. चारचौघांत सांगतो."

मिस्त्रीनं बाजारात उभं राहून स्वतःचं काम खोटं म्हणायचं म्हणजे काय, हे शाहूपुरीत कुणालाही विचारा.

अण्णांनी बाजारातलं नवं स्टील आणून दुसरा शाफ्ट केला. पुढच्या सोमवारी मालकांनी किल्ली फिरवली… आणि गाडी चालू! मी समोर उभा. वाटलं, आता एक शब्द बोलतील. नाही. कपड्यावरची धूळ झटकावी तसं माझ्याकडं बघून म्हणाले, "बघत काय बसलाईस? बस की."

नाही बसलो. किल्ली त्यांच्या हातात होतीच, गाडीही त्यांच्याच हातात ठेवली. वर त्यांनी बाजारभर केलं, बसाप्पा भंगार बसवतो. अण्णांची गिऱ्हाइकं तुटली. तरी अण्णांनीच मला पुतण्याच्या टेम्पोवर लावलं, तो मी आजही चालवतो.

एका शिकलेल्या माणसानं सांगितलं, डबीत ओल धरत असेल. अहो, ओल काय फक्त सोमवारी येते? येत असेल तर तसं तरी सांगा. मला आजपर्यंत उत्तर मिळालेलं नाही. मालकांवरचा राग मात्र आहे तसा आहे.

त्या फोननंतर माझी आई महिनाभर गल्लीत मान वर करून चालली नाही. अण्णांना एकदा किनवटला न्यायचंय, आमच्या दारात, सगळ्या गल्लीसमोर आईशेजारी बसवायचंय. गुडघे दुखतात, लांब हाय, म्हणून ते टाळतात. टाळू देत. उचलून नेईन, पण नेणार.